बाळाला वरचं दूध सोसत नाहीये? डबा आणायच्या आधी हे वाचा

आपल्याकडे "बाळाला दूध पचत नाही" हे एकच वाक्य दोन पूर्ण वेगळ्या दुखण्यांसाठी वापरतात, आणि दूध पावडरचा चुकीचा डबा घरात येतो तो या वाक्यामुळेच. एक दुखणं म्हणजे दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचणं. आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम कमी पडतं, साखर तशीच पुढे सरकते, आंबते, मग गॅस आणि पाण्यासारखी फेसाळ शी. दुसरं म्हणजे दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी, इथे साखरेचा काही संबंध नाही, शरीर केसीन किंवा व्हे प्रोटीनवर उलटतं. पहिल्याला लॅक्टोज-फ्री डबा चालतो. दुसऱ्याला तोच डबा दिला तर काहीच फरक पडत नाही, कारण त्यातली फक्त साखर काढलेली असते, प्रोटीन गाईचं जसंच्या तसं.

हे मला आधी माहीत असतं तर आमचे दहा दिवस वाचले असते. माझं ऑफिस ऐरोलीला, घर ठाण्यात, सुट्टी संपली तेव्हा मुलगी साडेचार महिन्यांची होती, म्हणून दुपारसाठी वरचं दूध सुरू केलं आणि आठवड्याभरात गालावर इसब, शीमध्ये शेंबडासारखं चिकट आणि एक दिवस रक्ताच्या दोन बारीक रेषा. मी केमिस्टला जाऊन म्हटलं "दूध पचत नाहीये", त्यांनी लॅक्टोज-फ्री डबा काढून दिला. मी जे मागितलं तेच त्यांनी दिलं. त्यांचं काय चुकलं असं म्हणू, मीच प्रश्न चुकीचा विचारला. मी डॉक्टर नाही, पण त्यानंतरच्या दीड वर्षात जे शिकले ते ओळीने लिहिते, कारण आमच्या कॉम्प्लेक्समध्येच आत्तापर्यंत तीन आयांनी हेच विचारलंय.

आधी चार दिवस वहीत लिहा

डॉक्टरकडे "सारखं रडतं हो" एवढंच घेऊन गेलात तर तेही काय करणार. किती वाजता काय पाजलं, किती मिली, त्यानंतर किती वेळाने काय झालं, हे लिहा. शीचा फोटो काढा, लाजू नका, डॉक्टरांना त्यात नवीन काही नसतं. त्यातली सगळ्यात महत्त्वाची नोंद वेळेची.

दूध पाजल्यावर काही मिनिटांत ते साधारण दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, उलट्या झाल्या, खोकला-घरघर सुरू झाली तर ती लगेच येणारी ॲलर्जी. धाप लागली, बाळ एकदम मलूल पडलं, ओठ निळसर दिसले तर वही बाजूला ठेवा आणि १०८ लावा नाहीतर जवळचं हॉस्पिटल गाठा. दुसरा प्रकार उशिराचा, तास-दोन तासांनी ते दोन-तीन दिवसांनीही दिसतो: शीमध्ये रक्त आणि चिकट, जुलाब, न जाणारं इसब, वजन न वाढणं. आमचा हा प्रकार होता आणि तो पटकन लक्षात येत नाही, कारण तोपर्यंत घरात दहा इतर कारणं सापडलेली असतात, दात येतायत, दृष्ट लागली, आईने वांगं खाल्लं.

आणि हेही सांगते, प्रत्येक रडणारं बाळ दुधाचं नसतं. सहा आठवड्यांच्या आसपास रडणं सगळ्यात जास्त असतं आणि मग आपोआप कमी होतं. पाजल्यावर तोंडातून थोडं दूध येणं, दिवसाला सात-आठ शी, हे अंगावर पिणाऱ्या बाळाचं नॉर्मल असू शकतं. वजन नीट वाढतंय आणि बाळ हसतंय तर डबा बदलायची घाई करू नका. उलट हिरवी उलटी, पोट ताठ, ताप, शू कमी होणं, टाळू खोल जाणं, यातलं काही असेल तर तो डब्याचा विषय नाहीच, त्याच दिवशी दाखवा.

डॉक्टरकडे काय विचारायचं

आपल्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना सरळ विचारा: तुम्हाला हे लॅक्टोजचं वाटतंय की प्रोटीनचं? या एका प्रश्नाने निम्मं काम होतं.

लहान बाळात खरं लॅक्टोजचं दुखणं बहुतेक वेळा जुलाबानंतर येतं. पोटाच्या इन्फेक्शनमध्ये आतड्याचं अस्तर सोलवटतं, लॅक्टेज तिथेच तयार होतं, म्हणून काही आठवडे साखर पचत नाही आणि मग परत पचायला लागते. जन्मापासूनच लॅक्टेज नसणं फार म्हणजे फारच दुर्मिळ आहे. आईच्या दुधातही भरपूर लॅक्टोज असतं, १०० मिलीला ७ ग्रॅमच्या आसपास, तर जे बाळ चार महिने अंगावर मजेत पीत होतं आणि डब्यावर गेल्यावर बिघडलं, मध्ये जुलाबही झाले नाहीत, त्याचा संशय आधी प्रोटीनवर घ्यायचा. लॅक्टोजचा संशय असेल तर शीची साधी तपासणी होते, त्यात आम्लता आणि न पचलेली साखर बघतात.

प्रोटीनच्या बाबतीत लगेचच्या ॲलर्जीला रक्तातली आयजीई तपासणी किंवा त्वचेवर टोचून करायची टेस्ट उपयोगी पडते. उशिराच्या प्रकारात मात्र त्या निगेटिव्ह येऊ शकतात आणि तरी ॲलर्जी असते. तिथे खरी टेस्ट म्हणजे दोन ते चार आठवडे गाईचं प्रोटीन पूर्ण बंद आणि सुधारणा झाली की डॉक्टरांच्या सांगण्यावरून परत देऊन बघणं. हा दुसरा भाग आपण टाळतो, कारण कोण परत त्रास ओढवून घेणार, पण तो केला नाही तर बाळ उगाच वर्षभर महागडा डबा पितं. ज्यांना लगेचचा जोराचा त्रास झालाय त्यांनी ही परीक्षा फक्त हॉस्पिटलमध्येच करायची, घरी अजिबात नाही. आणि काही लॅब शंभर पदार्थांची आयजीजी नावाची यादी काढून देतात, ती ॲलर्जीची तपासणी नाही, त्यावर पैसे घालू नका.

अंगावरचं दूध सुरू असेल तर ते बंद करू नका

हे मी मुद्दाम डब्याच्या आधी लिहितेय. प्रोटीनची ॲलर्जी असली तरी बहुतेक बाळांचं आईच्या दुधावर छान चालतं. काहींना आईच्या खाण्यातून उतरणारं थोडंसं प्रोटीनही बाधतं, तेव्हा आईने दूधदुभतं बंद करायचं, डबा नाही आणायचा. मी बंद केलं. चहा कोरा, ताक-दही-पनीर गेलं, पेढा-बर्फी-श्रीखंड गेलं. तुपात प्रोटीन अगदी नावाला असतं पण पहिल्या दोन-चार आठवड्यांत ते पण बंद ठेवलं म्हणजे निकाल स्वच्छ येतो. सासूबाईंना बाळंतिणीने तूप सोडणं काही केल्या पटेना, शेवटी डॉक्टरांशीच फोनवर बोलणं करून दिलं. आईला रोज साधारण १००० मिलीग्रॅम कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी लागतं, नाचणी, तीळ, राजगिरा, काट्यासकट खायचे बारीक मासे हे सगळं घ्याच, पण बहुतेक डॉक्टर गोळीही देतात, ती नियमित घ्या.

आता डबा, कुठल्या बाळाला कुठला

मी "हा ब्रँड चांगला" असं सांगणार नाही. एक तर प्रत्येक बाळ वेगळं, आणि दुसरं म्हणजे एकाच नावाखाली दोन-तीन वेगळे फॉर्म्युले असतात, नाव पाठ करून गेलात की फसता. न्यूट्रामिजेनचंच बघा, एक डबा तोडलेल्या प्रोटीनचा आणि त्याच नावाचा दुसरा अमिनो ॲसिडचा, म्हणजे प्रोटीनचे अगदी सुटे घटक. प्रकार पाठ करा.

जुलाबानंतरचं लॅक्टोजचं दुखणं असेल तर लॅक्टोज-फ्री, तेही डॉक्टर सांगतील तेवढेच आठवडे.

प्रोटीनची ॲलर्जी असेल तर पहिली पसंती एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड. म्हणजे गाईचंच प्रोटीन, पण इतके बारीक तुकडे केलेलं की बहुतेक बाळांच्या शरीराला ते ओळखू येत नाही. अल्फारे, प्रेजेस्टिमिल हे या गटातले. साधारण दहातल्या एका बाळाला हेही चालत नाही. अशा बाळांना, आणि ज्यांना धाप लागण्याइतकी जोराची ॲलर्जी झालीय, वजन अजिबात वाढत नाहीये, त्यांना अमिनो ॲसिड फॉर्म्युला, निओकेट किंवा अल्फामिनोसारखा, ज्यात गाईचं काहीच नसतं.

इथे एक शब्द नीट वाचा, "पार्शली", म्हणजे अर्धवट. पार्शली हायड्रोलाइज्ड, एचए, कम्फर्ट असं लिहिलेले डबे ॲलर्जी असलेल्या बाळासाठी नाहीत. त्यातले प्रोटीनचे तुकडे मोठे राहतात. दुकानात उभं राहून "हायड्रोलाइज्ड आहे ना, बास" असं वाटतं, मलाही वाटलं होतं.

सोया. झेरोलॅक, आयझोमिल वगैरे. सहा महिन्यांच्या आधी सोया पहिली पसंती नसते, कमी दिवसांच्या बाळाला तर नाहीच, आणि दुधाची ॲलर्जी असलेल्या काही बाळांना, खास करून ज्यांचा त्रास पोटाचा आणि उशिराचा आहे, त्यांना सोयाही बाधतो. पण सहा महिन्यांनंतर आपल्याकडे बरेच डॉक्टर खर्च बघून सोयाचा विचार करतात आणि त्यात कमीपणा काही नाही. गॅलॅक्टोसेमिया नावाचा एक दुर्मिळ जन्मजात आजार असतो, त्यात मात्र आईचं दूधही चालत नाही आणि सोयाच लागतो, पण ते डॉक्टरच सांगतात, आपण ठरवायचं नाही.

आणि हे अजिबात नाही: शेळीचं दूध, म्हशीचं दूध, तबेल्यातलं ताजं दूध, ए-टू दूध. शेळीच्या दुधाचं प्रोटीन गाईच्या इतकं जवळचं आहे की गाईची ॲलर्जी असलेल्या दहातल्या नऊहून जास्त मुलांना ते बाधतं. ए-टू म्हणजे केसीनचा एक उपप्रकार वेगळा, बाकी प्रोटीन तेच. आमच्याकडे एका मावशींनी गाढविणीचं दूध सुचवलं, गल्लीत गाढवीण घेऊन येणारे अजून दिसतात, चमच्यावर विकतात. कच्चं दूध, साडेचार महिन्यांच्या बाळाला, तेही पोट बिघडलेलं असताना. हात जोडले. बदाम-ओट्सचं "दूध" हे बाळाचं दूधच नाही, त्यावर बाळ वाढत नाही.

डब्यावर काय वाचायचं

आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानुसार बाळाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात करता येत नाही, डब्यावर बाळाचा किंवा बाईचा फोटो टाकता येत नाही, फुकट सॅम्पल वाटता येत नाही. चांगलंच आहे, पण त्यामुळे सगळे डबे सारखेच दिसतात आणि बारीक अक्षरं वाचण्याला पर्याय नाही. मागची घटकांची यादी बघा. "स्किम्ड मिल्क", "व्हे प्रोटीन कॉन्सन्ट्रेट", "मिल्क सॉलिड्स" दिसलं की तो ॲलर्जीचा डबा नाही. "एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड केसीन" किंवा "व्हे" असेल तर तो आपला, आणि त्याच डब्यावर खाली "दूध आहे" अशी ॲलर्जीची सूचना दिसली तरी दचकू नका, मूळ दुधाचं म्हणून ती लिहावी लागते. हीच सूचना बिस्किटाच्या पुड्यावर असेल तर मात्र पुडा परत ठेवा. जुलाब झालेल्या बाळासाठी अजून एक बघायचं, तोडलेल्या प्रोटीनच्या काही डब्यांत लॅक्टोज असतं, काहींत नसतं, दोन्हीत कुठला हवा ते विचारून घ्या.

महिन्याचा हिशोब आधीच करा

हा कोणी सांगत नाही. बाळाला दर किलोमागे दिवसाला साधारण १५० मिली दूध लागतं. सहा किलोचं बाळ पूर्ण डब्यावर असेल तर ९०० मिली. १०० मिलीला साधारण १३-१४ ग्रॅम पावडर म्हणजे दिवसाला १२० ग्रॅम. ४०० ग्रॅमचा डबा तीन दिवसांत खल्लास, महिन्याला नऊ-दहा डबे. डब्याची किंमत दहाने गुणा, मगच घरात बोला, कारण तोडलेल्या प्रोटीनचा डबा साध्या डब्याच्या कित्येक पट महाग असतो आणि अमिनो ॲसिडचा त्याहून. हे डबे प्रत्येक केमिस्टकडे शेल्फवर नसतात, नौपाड्यात पाच दुकानं फिरून हात हलवत आलेय मी. एका दुकानदाराशी बोलून महिन्याचे मागवून ठेवा, एक डबा कायम शिल्लक. पण पहिल्या वेळी एकच आणा, बाळाने घेतलं नाही तर उघडलेला डबा कोणी परत घेत नाही.

परदेशातून कोणी डबे पाठवणार असेल तर चमचा बघा. आपल्याकडे बहुतेक डब्यांना ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा, अमेरिकेतल्या बऱ्याच डब्यांना ६० मिलीला एक. इकडचा चमचा तिकडच्या डब्यात गेला की दूध एकतर पाणी होतं नाहीतर पिठलं. डबा बदलला की चमचा फेकून द्यायचा.

बनवणं

पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून, अर्ध्या तासाच्या आत, किमान ७० डिग्री गरम असताना त्यात पावडर घालायची, मग गार करून पाजायचं. अपवाद म्हणजे ज्या डब्यात चांगले जिवाणू घातलेत ते, गरम पाण्याने ते मरतात, तिथे डब्यावर लिहिलंय तसं करा आणि डॉक्टरांना विचारा. मोरबे धरणाचं पाणी असो नाहीतर भातसा धरणाचं, आरओ असलं तरी उकळायचंच. पाणी आधी मोजायचं, पावडर नंतर, चमचा सपाट. डबा जास्त दिवस चालावा म्हणून चमचा कमी घालणं म्हणजे बाळाला उपाशी ठेवणं, असं करू नका, परवडत नसेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ते दुसरा मार्ग काढतात.

बनवलेलं दूध दोन तासांत संपवायचं, बाळाने तोंड लावून उरवलेलं फेकायचं. पाळणाघरात द्यायचं असेल तर पावडर कोरड्या डबीत मोजून आणि गरम पाणी थर्मासमध्ये वेगळं द्या, तयार दूध नको. डबा फ्रीजमध्ये ठेवू नका, आणि ठाण्याच्या जुलैत ओला चमचा आत गेला तर दुसऱ्या दिवशी गोळे होतात.

चव आणि वाट बघणं

तोडलेल्या प्रोटीनचं दूध कडवट लागतं आणि वासही विचित्र येतो. चार महिन्यांच्या आतलं बाळ बहुधा कुरकुर न करता पितं, सहा-सात महिन्यांचं तोंड फिरवतं. बाटलीशी भांडण झालं तर वाटी-चमचा किंवा बोंडलं. त्रास उशिराचा आणि सौम्य असेल तर काही डॉक्टर जुन्या दुधात थोडं थोडं मिसळून बदलायला सांगतात, लगेचच्या ॲलर्जीत ते चालत नाही, एकदम बदलायचं. साखर-मध घालू नका, मध तर वर्षाच्या आत नाहीच.

शी गडद हिरवी होईल. आमच्याकडे त्यावरून रात्री अकराला फोनाफोनी झाली. ते नॉर्मल आहे. उलट्या-जुलाब काही दिवसांतच कमी होतात, रक्त आठवडा-दोन आठवड्यांत, इसबाला वेळ लागतो. म्हणून तिसऱ्या दिवशी "याने काही होत नाही" म्हणून नवा डबा आणायचा नाही. चार आठवडे नीट देऊनही फरक नाही तर परत डॉक्टर.

घरातलं लपलेलं दूध

डबा बरोबर आणि तरी शी बिघडतेय, असं झालं की घरात शोधायचं. आमच्याकडे गुटी गाईच्या दुधात उगाळली जात होती. दुसऱ्यांदा सत्यनारायणाच्या पूजेत कोणीतरी प्रेमाने बोटावर पंचामृत चाटवलं. उष्टावणाची खीर, पेढ्याचा कण, तयार मिळणारं पावडरचं सेरिअल, मारी बिस्किट, काही ब्रेड, सगळ्यात दूध असतं. प्रोबायोटिकच्या पुड्यांतही कधीकधी दुधाचे अंश असतात, विचारून घ्या. सहा महिन्यांनंतर नाचणीसत्त्व पाण्यात, पेज, मुगाच्या डाळीचं (नुसतं पाणी नव्हे) घट्ट वरण-भात, रताळं, केळं, हे सगळं चालतं, उष्टावण आम्ही पाण्यात शिजवलेल्या तांदळाच्या गुळखिरीने केलं, कोणाला कळलंही नाही. पाळणाघरातल्या ताईंना कागदावर लिहून द्या, "दूध, दही, बिस्किट नाही", तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलली की विसरतं.

परत दुधाकडे

हे कायमचं नसतं. बहुतेक मुलं तीन-पाच वर्षांची होईपर्यंत यातून बाहेर येतात, बरीच त्याआधीच. कमीत कमी सहा महिने बंद ठेवून, साधारण नऊ महिने ते वर्षाच्या सुमाराला डॉक्टर परत देऊन बघायला सांगतात. उशिराच्या सौम्य प्रकारात हे शिडीसारखं करतात: आधी भरपूर भाजलेलं, दूध पावडर घातलेलं बिस्किट, कारण जास्त उष्णतेने प्रोटीनचा आकार बदलतो, मग केक, मग डोसा-पॅनकेकसारखं कमी शिजलेलं, मग पनीर, दही, आणि शेवटी नुसतं दूध. एका पायरीवर डॉक्टर सांगतील तितके दिवस थांबायचं, सर्दी-ताप-जुलाब असेल तर त्या आठवड्यात वर चढायचं नाही. नवी पायरी आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी चढायची, दवाखाना उघडा असताना. आम्ही दह्याची पायरी रविवारी संध्याकाळी चढलो आणि सोमवारी सकाळी साडेनऊपर्यंत, क्लिनिकचं शटर वर जाईपर्यंत, घरातलं कोणी झोपलं नाही.